स्क्रीन काढायची की ठेवायची? खानदेशातल्या एका ट्रॅव्हल्सचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगावातल्या या ट्रॅव्हल्सकडे पंधराएक पिवळ्या पाटीच्या गाड्या आहेत. सकाळ-संध्याकाळ एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या माणसांची ने-आण, लग्नसराईत वऱ्हाड, एरवी पेशंट घेऊन नाशिक-मुंबई, कधी कोंडाईबारीचा घाट उतरून सुरत. मालकाला सगळे नाना म्हणतात, इथंही तेच म्हणू. बाकी माणसं, गाड्यांची मॉडेलं आणि ज्यावरून कोणी ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत.

जुन्या गाड्यांत साधा टेप होता. आवाजाचं एक गोल बटण, गाणं मागं-पुढं करायला दोन. मग पार्ट्या बुकिंगच्या वेळीच विचारू लागल्या, "गाडीत स्क्रीन आहे ना?" नानांनी कार डेकोरवाल्याकडून एकेका गाडीत नऊ इंची अँड्रॉइड बसवून घेतला. नकाशा, फोन, गाणी, रिव्हर्स कॅमेरा, सगळं एका काचेवर. नव्याने घेतलेल्या दोन-तीन गाड्यांत स्क्रीन कंपनीचीच होती. म्हणजे एकाच ताफ्यात तीन तऱ्हा झाल्या: जुना टेप, बाहेरून बसवलेली स्क्रीन आणि कंपनीची स्क्रीन. ड्रायव्हर मात्र ठरलेला नाही. ज्याची पाळी त्याच्या हातात जी चावी येईल ती गाडी.

अडचण

कपाशीच्या हंगामात, पहाटे उजाडायच्या आत, पारोळा-एरंडोल पट्ट्यात एक गाडी कपाशीच्या ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. ट्रॉली दोन्ही बाजूंनी फुगलेली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. फागणे ते तरसोद चौपदरी झाल्यापासून गाड्यांचा वेग वाढला, ट्रॅक्टरचा आहे तोच राहिला. पुढे बसलेल्या प्रवाशाचं हासळीचं हाड मोडलं, गाडीचा डावा भाग गेला. नशिबानं एवढ्यावर निभावलं.

ड्रायव्हर म्हणाला, ट्रॉलीला दिवा नव्हता. प्रवासी म्हणाला, ड्रायव्हर स्क्रीनकडे बघत होता. दोघंही खरं बोलत होते.

ज्या कंपनीची माणसं गाडीत होती तिनं नानांना पत्र पाठवलं: गाड्यांतल्या स्क्रीन सुरक्षित आहेत का, याचा अहवाल द्या, नाहीतर पुढचं कंत्राट थांबेल. नाना ते पत्र घेऊन आमच्या विभागात आले. मी अभियांत्रिकीच्या मुलांना कामाच्या जागेवरची सुरक्षा शिकवतो, एवढीच ओळख. खुर्चीवर टेकायच्या आत म्हणाले, "सर, लांबलचक काही नको. काढू का ठेवू, एवढंच सांगा."

समोरचे पर्याय

नानांच्या डोक्यात दोन पर्याय होते. पहिला, सगळ्या स्क्रीन उखडून जुने टेप परत बसवायचे. दुसरा, स्क्रीन ठेवायची पण चालत्या गाडीत हात लावला तर पगारातून पाचशे रुपये कापायचे. दुसऱ्यावर त्यांचं मन होतं, कारण त्यात खर्च नव्हता.

पहिल्या पर्यायातली गोम जुने ड्रायव्हरच दाखवून देत होते. ज्या गाड्यांत टेप आहे तिथं पत्ता शोधायला काय करता, असं विचारलं तर उत्तर एकच, फोन. तो कुठं ठेवता? मांडीवर, गिअरपाशी, नाहीतर स्टिअरिंगच्या मागच्या खाचेत. स्क्रीन काढली म्हणून नकाशाची गरज संपत नाही, नजर फक्त आणखी खाली जाते. अमेरिकी वाहन उत्पादकांच्या संघटनेनं आणि जपानी उत्पादकांनीही ड्रायव्हरच्या नजरेच्या रेषेपासून डिस्प्ले किती खाली असावा याला मर्यादा घातली आहे, साधारण ३० अंशांची. मांडीवरचा फोन त्याच्या पार पलीकडे. शिवाय स्क्रीन गेली की रिव्हर्स कॅमेराही जातो, आणि कंपन्यांच्या गेटवर शिफ्ट सुटताना मागे माणसांची झुंबड असते.

दंडाचा पर्याय कागदावर चोख होता. पण हात लावणं म्हणजे नेमकं काय? आलेला फोन एका टिचकीत उचलणं आणि "पिंपळगाव" हे नाव एकेक अक्षर टाइप करणं, दोन्हींना तोच पाचशेचा दंड? दंड लागला की ड्रायव्हर काम सोडत नाही, लपवून करतो. हा अनुभव कुठल्याही कारखान्यातला आहे.

तिसरा पर्याय आम्ही मांडला. स्क्रीन चांगली की वाईट हा प्रश्नच बाजूला ठेवायचा. स्क्रीनवर ड्रायव्हर कोणकोणती कामं करतो त्यांची यादी करायची आणि प्रत्येक काम नजर किती वेळ रस्त्यावरून काढून घेतं ते मोजायचं. नानांना हे फारसं पटलं नाही. पण कंपनीला अहवाल द्यायचाच होता.

मोजायचं कशावर

या मोजमापाची पद्धत आम्ही शोधलेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनानं २०१३ साली गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती ऐच्छिक आहेत, पण कसोटी साधी आहे: एका कामासाठी टाकलेल्या नजरांपैकी बहुतेक प्रत्येकी दोन सेकंदांच्या आत असाव्यात आणि सगळ्या मिळून १२ सेकंदांच्या वर जाऊ नयेत. जपानी उत्पादकांची मर्यादा आणखी कडक, आठ सेकंदांची. दोन सेकंदांचा आकडा हवेतून आलेला नाही. व्हर्जिनिया टेक या अमेरिकी विद्यापीठानं शंभर गाड्यांत कॅमेरे बसवून केलेल्या अभ्यासाचं विश्लेषण २००६ मध्ये आलं. रस्त्यावरून नजर दोन सेकंदांहून जास्त हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका निदान दुप्पट होतो, असं त्यात दिसलं.

ड्रायव्हरांना सेकंद सांगून उपयोग नव्हता, मीटर सांगितले. पिवळ्या पाटीच्या गाडीचा वेग नियंत्रक ८० वर असतो. ८० च्या वेगात दोन सेकंदांत गाडी ४४ मीटर पुढं जाते. कॉलेजच्या आवारात आम्ही तेवढं अंतर चुन्यानं आखलं आणि एका टोकाला ट्रॅक्टर उभा केला. बाकी काही समजवावं लागलं नाही.

इथला पहिला निर्णय सोपा होता, तरी लिहून ठेवतो, कारण मुलांचा उत्साह वेगळा होता: महामार्गावर गाडी चालवताना कोणाला काम देऊन बघायचं नाही. "आता पत्ता टाइप करा" असं ८० च्या वेगात सांगणं हा प्रयोग नाही, गुन्हा आहे. म्हणून दोन भाग केले. उभ्या गाडीत कामांची चाचणी, आणि चालत्या गाडीत फक्त निरीक्षण, तेही ड्रायव्हर एरवी जे करतो तेवढ्याचंच.

उभ्या गाडीतल्या चाचणीला नजर झाकण्याची पद्धत म्हणतात, तिचं आंतरराष्ट्रीय प्रमाणही आहे. दीड सेकंद दिसतं, दीड सेकंद दिसत नाही, पुन्हा दीड सेकंद दिसतं. न दिसणारा वेळ म्हणजे रस्त्याकडे बघण्याचा वेळ असं धरायचं, हात मात्र त्या वेळातही चालवता येतो. काम पूर्ण होईपर्यंत जितका वेळ दिसलं त्याची बेरीज घ्यायची. यासाठी उघडझाप करणारे खास चष्मे मिळतात, ते आमच्या आवाक्याबाहेर. मुलांनी साध्या टोपीच्या झापेवर छोटी सर्व्हो मोटर बसवली, तिला काळा पुठ्ठा चिकटवला. मोटर फिरली की पुठ्ठा डोळ्यांसमोर खाली यायचा, दीड सेकंदानं वर. टोपी घालून पहिले बसले ते ताफ्यातले सगळ्यांत जुने ड्रायव्हर, ज्यांना बाकीचे आबा म्हणतात. पुठ्ठा दोनदा खाली-वर झाला आणि आबा म्हणाले, "हा तर घाण्याचा बैल केला माझा." त्या दिवसापासून टोपीचं नाव घाणा पडलं आणि ड्रायव्हर आपणहून रांग लावू लागले.

कॅमेऱ्याचा पेच

दुसरा निर्णय अवघड होता. चालत्या गाडीत ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे तोंड करून छोटे कॅमेरे लावायचे, म्हणजे नजर कधी, कुठं आणि किती वेळ गेली ते नंतर मोजता येतं. ड्रायव्हरांनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पगार कापायची भाषा आधी झालेली, त्यात कॅमेरा, मग तो सुरक्षेसाठी आहे यावर कोण विश्वास ठेवील?

नाना म्हणाले, गाड्या माझ्या आहेत, लावा. आम्ही लावले नाहीत. तीन गोष्टी कागदावर आल्या तेव्हाच काम पुढं गेलं. चित्रीकरण नानांना दिसणार नाही, त्यांना फक्त कामवार बेरजा मिळतील. आवाजाची नोंद बंद राहील आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत मागची सीट येणार नाही. मोजणी झाली की सगळं पुसलं जाईल. शिवाय दंडाचा नियम तोपर्यंत स्थगित. यावर नानांची सही घ्यायला वेळ गेला, पण त्या सहीशिवाय पुढचे आकडे खोटे आले असते. कॅमेऱ्यासमोर शहाण्यासारखं वागणारा ड्रायव्हर काहीच शिकवत नाही.

काय दिसलं

नकाशाकडे बघणं हा नानांच्या मते सगळ्यांत मोठा दोष होता. प्रत्यक्षात नकाशावर टाकलेल्या नजरा पुष्कळ होत्या, पण आखूड. बाण डावीकडं आहे की उजवीकडं, एवढं पाहून नजर लगेच रस्त्यावर. आलेला फोन उचलण्याचंही तसंच. हात आणि नजर या बाबतीत दोन्ही कामं मर्यादेत बसली. बोलण्यात मन गुंततं तो मुद्दा वेगळा, तो पुढे येतो.

मर्यादेच्या पार बाहेर गेलं ते पत्ता टाइप करणं. घाणा घालून ते काम कोणालाच १२ सेकंदांत जमलं नाही. कारण फक्त बोटांच्या वेगाचं नाही. आपली गावं रोमन अक्षरांत लिहायची, म्हणजे पिंपळगावात एच आहे की नाही, शेवटी एओ की ए, यातच दोन-तीन चुका. यादी आली तर तिच्यात पिंपळगाव चार-पाच, वडगाव त्याहून जास्त. त्यातलं पाचोऱ्याकडचं कोणतं हे वाचून ठरवायचं.

मग बोलून शोधलं तर? सगळ्यांनाच हा उपाय रामबाण वाटत होता. लेवा बोलीतल्या ढंगात "सावदा" हे गावाचं नाव म्हटलं की स्क्रीनवर "सौदा" यायचं. मग पुन्हा म्हणा, पुन्हा बघा. बोलून शोधण्यात हात मोकळा राहतो, नजर मात्र सुटत नाही, कारण यंत्राला बरोबर समजलं का ते बघावंच लागतं. इंग्लंडमधल्या टीआरएल या संस्थेनं २०२० मध्ये सिम्युलेटरवर हेच तपासलं होतं. फोन गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी अँड्रॉइड ऑटो आणि अ‍ॅपल कारप्ले टच करून वापरताना प्रतिक्रियेचा वेळ अनुक्रमे ५३ आणि ५७ टक्क्यांनी वाढला. आवाजानं वापरताना वाढ कमी, तरी ३० आणि ३६ टक्के होतीच. आपल्या बोलीत ती कमी होईल असं मानायला काही जागा नाही. एका तरुण ड्रायव्हरनं तिसऱ्यांदा "सौदा" पाहिल्यावर हात जोडले: "सर, मी गाडी चालाडू का हाई टीव्ही देखू?"

गाणं बदलणं दोन तऱ्हेचं निघालं. स्टिअरिंगवर बटण असेल तर नजर हलतच नाही. यादी सरकवून गाणं शोधायचं असेल तर ते पत्ता टाइप करण्याच्या जवळ जातं. आणि हे गाणं ड्रायव्हरला नको असतं, ते मागच्या सीटवरून आलेलं असतं: "भाऊ, जरा ते लावा ना."

चाळिशीनंतरच्या ड्रायव्हरांना प्रत्येक कामाला जास्त वेळ लागत होता. मुलांनी ते सवयीवर घातलं. पण आबांनी चष्मा लावून तेच काम केलं तेव्हा फरक लख्ख दिसला. जवळचं वाचायचा चष्मा घरी आणि लांबचं स्वच्छ दिसतं म्हणून लायसनला काही अडत नाही. अमेरिकी तत्त्वांत चाचणीला वेगवेगळ्या वयोगटांची २४ माणसं घ्यायला सांगितली आहेत, पंचावन्नच्या वरचीही, ते उगाच नाही.

वायरिंग

आम्ही डॅशबोर्ड उघडले ते केवळ स्क्रीनची मॉडेलं टिपायला. उघडल्यावर वेगळंच निघालं. बाहेरून बसवायच्या स्क्रीनला एक बारीक वायर असते, ती हॅन्डब्रेकच्या स्विचला जोडायची असते. हॅन्डब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ दिसतो, सोडला की बंद. नानांच्या गाड्यांत ती वायर थेट बॉडीला अर्थ केलेली होती. म्हणजे स्क्रीनच्या समजुतीप्रमाणे गाडी कायम उभीच. दुकानदार हे कोणी न सांगताच करून देतात, कारण नाहीतर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतं, व्हिडिओ चालत नाही म्हणून.

दुसरी वायर हेडलाइटला जोडायची असते, दिवे लावले की स्क्रीन मंद व्हावी म्हणून. बहुतेक गाड्यांत ती गुंडाळून टेप मारून मागं कोंबलेली. परिणामी रात्री नऊ इंचांची काच दिवसाच्या उजेडानं झळकत होती. तिच्याकडं बघून अंधाऱ्या रस्त्याकडं नजर वळवली की डोळा स्थिरावायला वेळ लागतो, आणि बिनदिव्याची ट्रॉली नेमकी त्याच वेळात समोर असते. अपघातातल्या गाडीचीही ही वायर मोकळी होती.

तिसरी बाब एका मॉडेलपुरती. मोठ्या स्क्रीनची फ्रेम बसवताना चारी इंडिकेटर एकदम लावायचं बटण काचेच्या कडेखाली दबलं होतं, बोट वाकडं करून शोधावं लागे.

फोन कोणाचा

चित्रीकरणातल्या लांब नजरांची कारणवार मांडणी झाली तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. ड्रायव्हर स्वतःहून स्क्रीनकडे वळतो असं फार कमी वेळा होत होतं. त्याला कोणीतरी वळवत होतं. मागच्या सीटवरून गाण्याची फर्माईश, नकाशावर येऊन पडणारा व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज आणि सगळ्यांत जास्त, नानांच्याच ऑफिसचा फोन. "कुठपर्यंत आलात?" "पुढची ड्यूटी पाठवलीय, बघा." ड्यूटी म्हणजे मेसेजमध्ये लिहिलेला पत्ता. तो वाचायचा, लक्षात ठेवायचा, नकाशात टाइप करायचा, चालत्या गाडीत.

अपघाताच्या पहाटेचा कॉल-लॉग नानांनी स्वतः काढून दिला. धडक बसण्याच्या थोडंच आधी ऑफिसचा फोन येऊन गेला होता. फोन ठेवल्यावर मन लगेच रस्त्यावर येत नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये झालेल्या प्रयोगांत आवाजावर चालणाऱ्या काही यंत्रणा वापरल्यानंतर लक्ष पूर्ववत व्हायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागल्याचं दिसलं होतं. त्या पहाटे नेमकं काय झालं याचा निवाडा एवढ्यावर करता येत नाही, आम्ही केलाही नाही. नाना मात्र लॉगकडे बराच वेळ बघत राहिले.

ऑफिसात फोन करणाऱ्या ताईंना विचारलं तर त्यांचीही बाजू होती. कंपनीतून दर दहा मिनिटांनी विचारणा येते, गाडी कुठंय? त्या काय करणार? यातला उपरोध असा, की प्रवासी गाड्यांना सक्तीचा असलेला मागोवा घेणारा ट्रॅकर प्रत्येक गाडीत बसवलेला होता. गाडी कुठं आहे हे नकाशावर दिसू शकत होतं. पासिंगसाठी बसवला, त्याचा पासवर्ड बसवणाऱ्याकडेच राहिला आणि ऑफिसात तो कोणी कधी उघडलाच नाही.

काय ठरलं, काय केलं

सगळ्यांत आधी वायरी जोडल्या, हॅन्डब्रेकची आणि हेडलाइटची. एका इलेक्ट्रिशियनचं काम, खर्च नगण्य. दबलेलं बटण फ्रेम कापून मोकळं केलं. ट्रॅकरचा पासवर्ड मिळवून ऑफिसात जुना मॉनिटर लावला. ताईंनी आता ड्रायव्हरला नाही, मॉनिटरला विचारायचं. गाडी हलताना दिसत असेल तर फोन करायचा नाही, फारच तातडीचं असेल तर एक रिंग द्यायची आणि ड्रायव्हर बाजूला घेऊन परत फोन करील तोवर थांबायचं.

पत्ता ऑफिसातूनच लोकेशन म्हणून जाईल, गावाचं नाव लिहून नाही. ड्रायव्हर गाडी हलवण्याआधी ते उघडून नकाशा सुरू करील. मधेच बदललं तर पंपावर नाहीतर धाब्यावर थांबून. गाडी चालू असताना मेसेज दिसणार नाहीत अशी सोय फोनमध्येच असते, ती लावून दिली. गाण्याचं ब्लूटूथ प्रवाशाच्या फोनला जोडून द्यायचं, मग ज्याला जे ऐकायचं ते तो लावील.

वाद झाला तो बोलून शोधण्यावर. तरुण ड्रायव्हरांना ते राहू द्यायचं होतं, हात तर लागत नाही, मग बिघडलं कुठं? आम्ही ते चालत्या गाडीच्या कामांतून वगळलं. फोन लावणं, तेही ठरलेल्या दोन-तीन नावांना, एवढं ठेवलं. दंडाचा नियम नानांनी मागे घेतला, मनापासून नाही. कायद्याची आठवण मात्र नियमपत्रात ठेवली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनं गाडी चालवताना हातातलं उपकरण वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात धरलं आहे, आणि ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांत फोनला सूट आहे ती फक्त मार्ग शोधण्यापुरती, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. कायद्याचा रोख हातातल्या उपकरणावर आहे. डॅशबोर्डात पक्क्या बसलेल्या काचेवर पत्ता टाइप करणारा त्यातून सहज निसटतो, म्हणून ते वेगळं लिहावं लागलं.

परिणाम

पुढच्या फेरीत पुन्हा मोजलं. चालत्या गाडीत पत्ता टाइप करणं जवळजवळ थांबलं होतं. ऑफिसचे फोन खूप कमी झाले, जे आले ते बहुतेक उभ्या गाडीला. रात्रीच्या ड्रायव्हरांनी मंद स्क्रीनबद्दल आपणहून सांगितलं, डोळे चुरचुरत नाहीत. गाण्याच्या फर्माईशी तशाच राहिल्या. वऱ्हाडातल्या पाहुण्याला "तुम्हीच लावा" म्हणणं ड्रायव्हरला जड जातं, पाहुणा म्हणजे पार्टीच. दोन ड्रायव्हरांनी मेसेज बंद असण्यावर आपला तोडगा काढला, दुसरा फोन मांडीवर. ते चित्रीकरणात दिसलं, कराराप्रमाणे नानांना नावं दिली नाहीत. आबांनी त्या दोघांना गाठून जे काही सांगायचं ते सांगितलं.

अपघात कमी झाले का, असं कंपनीनं विचारलं. पंधराएक गाड्यांच्या ताफ्यात असे अपघात इतके विरळ, की थोड्या काळातल्या आकड्यांवरून हो किंवा नाही काहीच म्हणता येत नाही. तसंच अहवालात लिहिलं. "स्क्रीन सुरक्षित आहे" असं एका ओळीचं प्रमाणपत्र नानांना हवं होतं, ते दिलं नाही. कामवार तक्ता दिला: कोणतं काम चालत्या गाडीत चालेल, कोणतं फक्त उभ्या गाडीत. कंपनीनं कंत्राट चालू ठेवलं. दर दहा मिनिटांनी विचारणं त्यांच्या बाजूनं मात्र लगेच थांबलं नाही. ट्रॅकरचं लॉगिन त्यांच्या वाहतूक विभागालाही दिलं, तेव्हा कुठं कमी झालं.

हेच पुन्हा करायचं तर

कॉल-लॉग आणि वायरिंग ही दोन कामं पहिल्या आठवड्यात उरकावीत. दोन्हींना कॅमेरा लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही, आणि निम्मं चित्र तिथंच उघड होतं. मोजमाप त्यानंतर.

घाण्याची चाचणी दिवसा सावलीत झाली. खानदेशातला मे महिना वेगळा असतो. ४५ अंशांत तापलेल्या काचेवर ऊन पडलं की अक्षरं पुसट होतात, घामट बोट नीट उमटत नाही. तीच कामं भर उन्हात आणि रात्री, दोन्ही वेळा मोजायला हवीत. चष्म्याची तपासणीही सुरुवातीलाच. चाळिशीच्या ड्रायव्हरला चष्मा देणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त उपाय होता आणि तो यादीत शेवटी आला.

ड्रायव्हर गाडी बदलत राहतो ही गोष्ट अजून सुटलेली नाही. एका गाडीत बटण डावीकडं, दुसऱ्या गाडीत तेच काम दोन पानं उलटून. सवय हाताला लागते, आणि गाडी बदलली की तीच सवय आड येते. ठरावीक ड्रायव्हरला ठरावीक तऱ्हेची गाडी द्यावी असं आम्ही सुचवलं. पाळ्या लावताना ते जमत नाही, असं नानांचं म्हणणं आहे, आणि पाळ्या त्यांना लावायच्या असतात.

सध्या प्रश्न नव्या खरेदीचा आहे. नानांच्या मनात भरलेल्या गाडीत एसीसुद्धा स्क्रीनवरच, एकही गोल बटण नाही. २०२२ मध्ये एका स्वीडिश मासिकानं अशा गाड्यांची धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटरच्या वेगात चाचणी घेतली होती. बटणांच्या २००५ सालच्या व्होल्व्होत जी चार कामं दहा सेकंदांत झाली, त्यांना सगळ्यांत हळू टचस्क्रीनच्या गाडीत ४५ सेकंदांच्या आसपास लागले. गाड्यांना सुरक्षेचे गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेनंही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे यांसारख्या गोष्टींना वेगळी बटणं असतील तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलं आहे. हे नानांना सांगितलं. ते म्हणाले, "सर, पार्टी बटणं बघत नाही, स्क्रीन बघते." तरी टेस्ट ड्राइव्हला जाताना आबांना सोबत नेलं, आणि शोरूमच्या आवारात उभ्या गाडीत त्यांना घाणा घालून एसी कमी करायला सांगितलं. खरेदी दिवाळीवर ढकलली आहे.